ऑर्डरींची वही कुठे ठेवायची?

श्रावण लागला की गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या दुकानदारांची ऑनलाइन लगबग सुरू होते. आधी मखरं, पूजासाहित्य आणि मोदक, मग नवरात्राच्या साड्या, त्यामागोमाग कंदील, फराळ, मसाले, दिवाळी अंक. परदेशी जाणारा फराळ तर दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधीच निघावा लागतो. ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे, त्यांना ‘सर्व्हर कुठला घ्यावा’ हा प्रश्न नेमका याच दिवसांत पडतो. उत्तरं भराभर मिळतात. कुणी मोठा प्लॅन विकतो, कुणी क्लाउडवर चला म्हणतो, कुणी दहा यंत्रांची आकृती काढून देतो. माझ्या मते या सगळ्याच्या आधी एक गोष्ट ठरवायला हवी. साइट कोलमडली तरी काय हरवता कामा नये? दुकानाच्या बाबतीत उत्तर एकच आहे: आलेल्या ऑर्डरी आणि त्यांचे पैसे, म्हणजेच रोजमेळाची वही. फोटो, शोध, शिफारशी, ग्राहकांचे अभिप्राय हे सगळं तासभर मंदावलं तरी धंदा उभा राहतो. वही फाटली तर राहत नाही. ही वही मध्यभागी ठेवली की बाकीचे निर्णय सोपे होत जातात.

आधी जागेचं बघू. प्रभादेवीचा काशीनाथ धुरू मार्ग दादरकरांना कीर्ती कॉलेजामुळे आणि तिथल्या वडापावामुळे ठाऊक असतो. त्याच रस्त्यावर विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीचं लोकमान्य विदेश संचार भवन आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. १९९७मध्ये कार्यान्वित झालेल्या फ्लॅग या युरोप-आशिया सागरी केबलचं मुंबईतलं टोक प्रभादेवीला पोचलं. जगातून येणारा डेटा जिथे जमिनीवर येत होता, तिथून शिवाजी पार्क चालत जाण्याच्या अंतरावर. माहीमच्या एल. जे. रोड परिसरात कार्यालय असलेलं ‘रेडिफ’ १९९६पासून वेबवर होतं आणि पुढे त्यांनी खरेदीचं दालनही उघडलं. इंटरनेट या भागाला नवं नाही.

तरीही पुढची पंधरा-वीस वर्षं छोट्या मराठी साइट बहुतेक अमेरिकेतल्या यंत्रांवर राहिल्या. तिथलं होस्टिंग स्वस्त होतं, वर्षाचे पैसे भरले की विषय संपायचा. किंमत मोजावी लागायची ती वेळेत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन परत यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, सिंगापूरला सुमारे ६०, मुंबईतल्या मुंबईत जेमतेम काही. सुरक्षित पानाची पहिली ओळ दिसण्याआधी ब्राउझर आणि सर्व्हरमध्ये साधारण तीन फेऱ्या होतात. म्हणजे दादरच्या गिऱ्हाइकाने दादरच्याच दुकानाचं पान उघडलं, तरी निव्वळ अंतरापोटी सहा दशांश सेकंद गेले. पानावरच्या पुढच्या प्रत्येक विनंतीला पुन्हा तेच अंतर आहे. ३० जानेवारी २००८ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी-४ या केबल तुटल्या, तेव्हा भारताची पश्चिमेकडे जाणारी क्षमता निम्म्याहून अधिक घटली. समुद्रापलीकडे ठेवलेलं दुकान त्या दिवशी आपल्याच शहराला दुरावलं.

हे चित्र २०१५ ते २०१७ या काळात पालटलं. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत क्लाउड केंद्रं सुरू केली, ॲमेझॉनने जून २०१६मध्ये मुंबईत, गूगलने २०१७मध्ये मुंबईत. आज ‘भारतात सर्व्हर’ म्हटलं की बहुतेकदा मुंबई महानगरच निघतं. मात्र गिरगाव-परळ नव्हे. नव्या मोठ्या इमारती चांदिवली, ऐरोली, महापे, पनवेल अशा बाजूला आहेत, कारण तिथे जागा आहे आणि वीज उपकेंद्रातून थेट, भरपूर मिळते. जुन्या मुंबईच्या वाट्याला केबलींची टोकं, दूरसंचाराच्या इमारती आणि त्यांतली जुनी डेटा सेंटर आली. दुकानदाराला यातून एवढंच घ्यायचं आहे की गिऱ्हाईक मुख्यतः महाराष्ट्रातलं असेल तर मुख्य यंत्र मुंबईतलं घ्यावं, आणि न्यू जर्सी-लंडनच्या गिऱ्हाइकांसाठी फोटो व स्थिर पानं सीडीएनमधून, म्हणजे जगभर विखुरलेल्या साठवण केंद्रांतून द्यावीत. परदेशातल्या ऑर्डरींसाठी परदेशात दुसरा सर्व्हर उभारण्याची गरज या आकाराच्या धंद्याला पडत नाही.

दुकानातच सर्व्हर ठेवावा का, हा प्रश्न अजून विचारला जातो. त्यामागे एक आठवण आहे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेलं यंत्र माळ्यावर बसवायचं, त्यावर बिलिंग चालवायचं, असं करणारी कित्येक दुकानं गिरगाव-ग्रँट रोड भागात होती. बिलिंगपुरतं ते चाललं. सार्वजनिक साइटसाठी ते चालत नाही आणि याचं कारण आपल्या भागाचा भूगोल आहे. हिंदमाताचा सखल पट्टा वर्षानुवर्षं पावसाळ्यात तुंबत आला आहे. पालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, त्या याच पट्ट्यासाठी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस पुन्हा आला तर तळमजल्यावरचं यंत्र वाचणार नाही. समुद्राची खारट हवा वर्षभर जोडण्या गंजवत असते. विजेचं म्हणाल तर शहर भागात बेस्टचा पुरवठा भरवशाचा आहे, पण १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास पारेषण वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई आणि परिसर एकदम अंधारात गेला, लोकल जागच्या जागी थांबल्या. डेटा सेंटर डिझेल जनरेटरवर चालू शकतात. चाळीच्या माळ्यावरचा यूपीएस अर्धा तास तग धरतो. म्हणून सार्वजनिक साइट दुकानात ठेवू नये. बॅकअपची एक प्रत दुकानात जरूर ठेवावी.

आता आकार. इथे लोक अंदाजाने घाबरतात, म्हणून हिशेबच करू. समजा दिवाळीच्या ऐन गर्दीत दिवसाला ५०० ऑर्डरी येतात आणि त्यांतल्या १०० रात्री नऊ ते दहामध्ये. शंभर जण येतात तेव्हा दोघे विकत घेतात असं धरलं, तर त्या तासात ५,००० माणसं आली. प्रत्येकाने आठ पानं पाहिली तर ४०,००० पानं, म्हणजे सेकंदाला अकरा. एक पान तयार व्हायला पाव सेकंदाहून थोडा कमी, ०.२ सेकंद वेळ लागत असेल तर कुठल्याही क्षणी यंत्राच्या हातात दोन-तीन पानांचं काम आहे. चार कोअर आणि सोळा जीबी मेमरीचं एक साधं यंत्र हे पेलतं. दादर-गिरगावातल्या बहुतेक दुकानांना यापेक्षा मोठं काही लागत नाही, आणि तरी त्यांना कुबरनेटीस (अनेक यंत्रं एकत्र सांभाळणारी प्रणाली) आणि डझनभर सेवांची आकृती विकली जाते. ती सांभाळायला माणूस लागतो, आणि तो दुकानात नसतो.

धोका वेगळ्या ठिकाणी आहे. कुणीतरी तुमच्या चकलीची रील टाकली, ती पसरली, आणि सेकंदाला अकराच्या जागी ११० पानं मागितली जाऊ लागली. ०.२ सेकंदाच्या हिशेबाने एका वेळी बावीस पानं हातात. इतक्यात डेटाबेस दमला, पानाला दोन सेकंद लागू लागले, की हातात २२० पानं. मेमरी संपते, यंत्र आणखी मंदावतं, गिऱ्हाईक कंटाळून पुन्हा रिफ्रेश करतं, विनंत्या दुप्पट होतात. साइट बसते ती अशी, गर्दी आणि मंदपणा एकमेकांना वाढवत. त्यावरचा पहिला उपाय नवं यंत्र घेण्याचा नाही. वस्तूंची पानं दर वेळी नव्याने बनवायची नाहीत, पाच मिनिटांपूर्वी बनवलेली प्रत द्यायची. डेटाबेसमध्ये योग्य इंडेक्स घालायचे. फोटो सीडीएनकडे सोपवायचे. एवढं केलं की मूळ यंत्रापर्यंत फक्त टोपली आणि पैसे भरण्याची पानं पोचतात, आणि ती फार थोडी असतात.

फोटोंकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून एक आकडा. दिवसाला दोन लाख पानं, प्रत्येक दीड एमबीचं, म्हणजे ३०० जीबी डेटा बाहेर गेला. एका मोठ्या क्लाउड कंपनीचा बाहेर जाणाऱ्या डेटाचा मुंबईतला दर बरीच वर्षं जीबीमागे सुमारे ११ सेंट राहिला आहे. दिवसाचे तेहतीस डॉलर, अडीच-तीन हजार रुपये, निव्वळ साड्यांचे आणि लाडवांचे फोटो पाठवायला. तेच फोटो वेबपी स्वरूपात, मोबाइलच्या पडद्याच्या मापाचे केले तर बिल तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतं आणि लोकलमध्ये उभ्या गिऱ्हाइकाला पानही लवकर दिसतं.

मोठ्यांचं वेगळं आहे. लोअर परळला सन मिलच्या आवारात कार्यालय असलेली नायका २०१२पासून सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकते; तिच्या नोव्हेंबरातल्या सेलला आपोआप वाढणारी-घटणारी यंत्रं, वेगवेगळ्या सेवा, चोवीस तास जागं पथक हे सगळं लागतं. पण नुसत्या यंत्रांच्या संख्येने भागत नाही हे फ्लिपकार्टने ६ ऑक्टोबर २०१४ला अनुभवलं. पहिल्या ‘बिग बिलियन डे’ला साइट अडखळली, ऑर्डरी रद्द झाल्या, आणि संस्थापकांनी ग्राहकांना माफीचं पत्र लिहिलं. त्यात त्यांनीच सांगितलं होतं की जवळपास ५,००० सर्व्हर लावले होते आणि विसपट गर्दीची तयारी होती. २२ सप्टेंबर २०२४ला कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं निघाली तेव्हा बुकमायशोचं ॲप दुपारी बाराच्या तोंडावर कोसळलं आणि मग लाखोंची आभासी रांग लागली. पुरवठा मर्यादित आणि वेळ ठरलेली असेल तिथे कितीही यंत्रं लावा, अखेर रांगच लावावी लागते. अंगारकीला सिद्धिविनायकाची रांग मंदिराच्या कितीतरी आधी, रस्त्यावर अडवून, टप्प्याटप्प्याने सोडतात, तशीच ती डेटाबेसच्या कितीतरी आधी अडवायची असते. गणपतीच्या मोजक्याच मूर्तींचं किंवा मर्यादित प्रतींच्या अंकाचं बुकिंग घेणाऱ्याने हे लहान प्रमाणात करावं.

आता वहीकडे येतो, कारण लेखाचा खरा विषय तीच आहे. यूपीआय २०१६त आलं आणि छोट्या दुकानाला ऑनलाइन पैसे घेणं सोपं झालं. पण पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून निघाले आणि ‘मिळाले’ हा निरोप दुकानाच्या सर्व्हरपर्यंत आला, या दोन घटना वेगळ्या आहेत. मधल्या काळात बँक मंदावते, फोनची रेंज जाते, गिऱ्हाईक मागे जाऊन पुन्हा बटण दाबतं. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ला यूपीआय देशभर विस्कळीत झालं, तेव्हा अशा अर्धवट व्यवहारांचा ढीग पडला. म्हणून साइट बांधणाऱ्याकडून चार गोष्टी वाजवून घ्याव्यात. ऑर्डर वहीत आधी नोंदली जावी, पैशांची मागणी त्यानंतर जावी. प्रत्येक ऑर्डरला एकच क्रमांक असावा आणि त्याच क्रमांकाचा निरोप दोनदा आला तरी नोंद एकदाच व्हावी. निरोप आलाच नाही तर सर्व्हरने स्वतः दर काही मिनिटांनी पेमेंट कंपनीला विचारावं. आणि शेवटचा नग दोघांना विकला जाऊ नये म्हणून साठा कमी करणं आणि ऑर्डर पक्की करणं एकाच व्यवहारात, डेटाबेसच्या कुलुपाआड व्हावं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे खात्यातून गेलेले पण दुकानात न पोचलेले यूपीआयचे पैसे पाच दिवसांत परत जायला हवेत. गिऱ्हाइकाला हे फोनवर शांतपणे सांगता यावं, यासाठीही वही नेमकी हवी.

डेटाबेसचा खर्च मी म्हणूनच वाचवू देणार नाही. पानं बनवणारं यंत्र स्वस्तातलं चालेल, ते बिघडलं तर वीस मिनिटांत दुसरं उभं करता येतं. वही मात्र वेगळ्या, क्लाउड कंपनीने सांभाळलेल्या डेटाबेसमध्ये असावी, तिची जिवंत दुसरी प्रत त्याच शहरातल्या वेगळ्या इमारतीत असावी आणि बॅकअप दुसऱ्या शहरात. मुंबईचा बॅकअप नवी मुंबईत ठेवून फार काही साधत नाही. पाऊस तोच, विजेचं जाळं तेच. ॲमेझॉनचं हैदराबाद केंद्र २०२२पासून आहे, गूगलचं दिल्लीतलं २०२१पासून, मायक्रोसॉफ्टची पुणे-चेन्नईची त्याआधीपासून. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, तेव्हा ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचं दोन्ही गेलं.

दुहेरी व्यवस्था असली म्हणजे झालं असंही नाही. २४ फेब्रुवारी २०२१ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले आणि दुपारी पावणेचारला सुरू झाले. दोन कंपन्यांच्या दूरसंचार जोडण्या होत्या, पर्यायी केंद्रही होतं. तरी जोडण्यांतल्या गोंधळाने जोखीम तपासणारी यंत्रणा बसली आणि कामकाज पर्यायी केंद्राकडे नेलं गेलं नाही. २० ऑक्टोबर २०२५ला, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात नावं शोधण्याच्या व्यवस्थेतली (डीएनएस) चूक जगभरच्या सेवांना भोवली. मुंबईत यंत्र असलेल्या दुकानाचीही ईमेल किंवा कुरिअरची सेवा तिथे असू शकते. एक साधा गुणाकार करून पाहा: ९९.९ टक्के चालू राहण्याची हमी म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. साइट, पेमेंट, एसएमएस, कुरिअर अशा चार सेवा प्रत्येकी तेवढ्याच भरवशाच्या असतील आणि सगळ्या एकदम लागत असतील, तर वर्षाचे पस्तीस तास कुठेतरी काहीतरी अडलेलं असेल. ऑर्डर वहीत पडण्यासाठी यांतल्या कमीत कमी सेवा लागाव्यात, बाकीची कामं मागून रांगेने व्हावीत, ही रचना यातूनच निघते. एसएमएसचं उदाहरण घ्या. ८ मार्च २०२१ला व्यापारी संदेशांचे नमुने तपासण्याची नवी पद्धत लागू होताच देशभर ओटीपी अडकले आणि ती तपासणी आठवडाभर थांबवावी लागली. ज्यांची ऑर्डर ओटीपीशिवाय पुढे सरकत नव्हती त्यांचं दुकान त्या दिवशी बंदच होतं. देवनागरीतला एसएमएस १६०ऐवजी ७० अक्षरांत तुटतो, हेही निरोप मराठीत पाठवणाऱ्याने हिशेबात धरावं. निरोप मराठीतच पाठवावा, फक्त आखूड लिहावा.

कायद्याचा भाग थोडक्यात. पैशांच्या व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये दिला. १ ऑक्टोबर २०२२पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे बदली संकेत, ठेवता येतो. छोट्यांनी तर कार्डाला हातही लावू नये, पेमेंट कंपनीच्याच पानावर पाठवावं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात गिऱ्हाइकाचा पत्ता-फोन कशासाठी घेतला ते सांगण्याची तरतूद आहे. दहा वर्षांपूर्वीचे पत्ते साठवून ठेवण्यात आता फायदा कमी आणि जोखीम जास्त आहे.

मालकीचा मुद्दा तांत्रिक वाटत नाही, पण दुकानं त्यानेच अधिक अडतात. डोमेन, क्लाउडचं खातं, पेमेंटचं खातं हे सगळं साइट बांधून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असतं, तो पुढे बंगळुरूला नोकरीला जातो आणि नूतनीकरणाची सूचना कुणी वाचत नाही. तिन्ही खाती दुकानाच्या नावावर, दुकानाच्या ईमेलवर हवीत. त्यांचा दुसऱ्या टप्प्याचा कोड मालकाच्या फोनवर यायला हवा. साइट बंद पडल्याचा इशारा देणारी सेवा लावावी आणि रात्री फोन कोण उचलणार ते नावानिशी ठरवावं.

राहिला मुहूर्त. अनंत चतुर्दशी आणि घटस्थापना यांच्यामध्ये पितृपक्ष येतो. खरेदी मंद असते, गिऱ्हाईक शांत असतं. हे पंधरा दिवस सर्व्हरच्या कामासाठी राखून ठेवावेत. नवा कोड याच काळात, आधी चाचणीच्या साइटवर आणि मग खऱ्या साइटवर चढवावा, जुन्याकडे परतायची वाट उघडी ठेवून. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत नवीन काही चढवू नये. अंदाजाच्या पाचपट गर्दी कृत्रिमरीत्या सोडून पाहावी. आणि एका दुपारी, दुसऱ्या शहरातला बॅकअप उचलून रिकाम्या यंत्रावर पूर्ण वही उभी करावी, किती वेळ लागला ते लिहून ठेवावं, शेवटची ऑर्डर त्यात आहे का ते मालकाने स्वतः पाहावं.